दगडाचा कण न् कण दाखवणारं ग्राफिक्स गेममध्ये खरंच परवडतं का?

कोपऱ्यातला
शनिवार, रात्री ११:४२

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं लिहून टाकतो. विषय जरा टेक्निकल आहे, सांभाळून घ्या.

२०११ च्या ऑगस्टमधली गोष्ट. होस्टेलच्या खोलीत आम्ही सातआठ जण एका लॅपटॉपभोवती गोळा होऊन एक व्हिडिओ बघत होतो, तोही दर दहा सेकंदांनी अडकत. ऑस्ट्रेलियातली युक्लिडिऑन नावाची कंपनी, आणि तिचा ब्रूस डेल एकदम शांत आवाजात सांगतोय की बाकीचे सगळे गेममधल्या वस्तू चपट्या त्रिकोणांच्या करतात, आम्ही अणूंच्या केल्यात. 'अनलिमिटेड डिटेल' म्हणे. एका घन मिलिमीटरमध्ये ६४ अणू. मातीवर कॅमेरा नेला तर मातीचे दाणे वेगवेगळे दिसत होते राव, आम्ही येडे झालो. मी तर रूममेटशी पैज लावली की पाच वर्षांत सगळे गेम असेच येणार, हरलो तर महिनाभर चहा माझ्याकडून. २०१६ मध्ये त्याने कुरिअरने चहाची रिकामी पुडी पाठवली.

आता मुद्दा. गेल्या महिन्यात तीसेक हजार घालून ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड घेतलं आणि एक नवा अनरियल ५ वाला (एपिक कंपनीच्या त्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर केलेला) गेम टाकला. पहिल्याच जंगलात थांबलो, एका दगडाजवळ कॅमेरा नेला, त्यावरचं शेवाळं, भेगा, भेगेतली माती, दहा मिनिटं नुसता बघतच बसलो. बाजूला सोफ्यावर भाचा फोनवर बीजीएमआय (पबजीचा भारतातला अवतार) खेळत होता, त्याने एकदा मान वर करून बघितलं आणि म्हणाला, "मामा, शत्रू दगडात आहे का?"

तर प्रश्न असा की एवढा तपशील गेमला झेपतो का आणि झेपला तरी परवडतो का? कार्ड, डिस्क, बनवणाऱ्याचा वेळ, सगळं धरून.

---

फ्रेमड्रॉप
रविवार, सकाळी ८:१०

अरे तो व्हिडिओ! तेव्हा माइनक्राफ्टवाल्या मार्कुस पेर्सोनने म्हणजे नॉचने ब्लॉगवर सरळ लिहिलेलं की हा स्कॅम आहे. त्याचं गणित वहीच्या मागच्या पानावर होण्यासारखं होतं. व्हिडिओतलं बेट १ किमी बाय १ किमी, खोली ८ मीटर धरा. मिलिमीटरमध्ये झाले १० लाख गुणिले १० लाख गुणिले ८ हजार, त्याला ६४ ने गुणा आणि अणूमागे फक्त १ बाइट द्या. उत्तर ५१२ पेटाबाइट. म्हणजे १ टीबीच्या ५ लाख १२ हजार डिस्का. एका बेटासाठी.

पण माझ्या मते स्कॅम म्हणणं पण जास्तच होतं. व्हिडिओ खोटा नव्हता. नीट बघितलं तर तेच दगड, तीच झाडं पुन्हा पुन्हा लावलेली. दगड एकदाच साठवायचा आणि बाकी हजार ठिकाणी 'इथेही तोच' अशी चिठ्ठी चिकटवायची, मग डेटा आटोक्यात राहतो. आणि मूळ कल्पना की स्क्रीनच्या प्रत्येक पिक्सेलसाठी ढिगातला नेमका एकच अणू शोधून काढायचा, तीही शहाणपणाचीच होती, फक्त त्यांनी सांगितली तशी नवीन नव्हती, ऑक्ट्री (जागेचे आठ-आठ तुकडे पाडत जायची पद्धत) वगैरे लोक आधीपासून वापरत होते.

डूमवाला जॉन कारमॅक तेव्हा जे बोलला ते मला आजही सगळ्यात बरोबर वाटतं. त्याचं म्हणणं साधारण असं होतं की आत्ताच्या मशीनवर गेम अशक्य, काही वर्षांनी कदाचित होईल, पण प्रॉडक्शनची बाजू जड जाईल. तो शेवटचा तुकडा तेव्हा कुणी वाचलाच नाही, सगळे फक्त 'काही वर्षांनी' वर नाचले. तू पण त्यातलाच दिसतोस :)

कंपनी पुढे लेझर स्कॅन केलेले नकाशे, शहरं वगैरे दाखवण्याच्या धंद्यात गेली. तिथे काहीच हलत नाही, त्यामुळे तिथे ते फिट बसलं.

---

वडापावप्रो
रविवार, सकाळी ९:३१

भाचा रॉक्स मामा शॉक्स

---

अण्णा_७६
रविवार, सकाळी १०:०५

मी डेंजरस डेव्ह आणि पहिला प्रिन्स ऑफ पर्शिया खेळलेला माणूस, त्यामुळे प्रश्न बावळट वाटला तर सोडून द्या. फोर-के टीव्हीवर ठिपके किती? ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८३ लाखांच्या आत. मग जगात तुम्ही शंभर कोटी त्रिकोण भरा नाहीतर हजार कोटी भरा, दिसणार ८३ लाखच ना? बाकीच्यांचं काय लोणचं घालायचं?

---

फ्रेमड्रॉप
रविवार, सकाळी ११:४०

अण्णा बावळट कसला, अख्खा धंदा याच प्रश्नावर उभा आहे. अनरियल ५ मधलं नॅनाइट म्हणजे तुमच्याच प्रश्नाचं उत्तर. सोपं करून सांगतो, चुकलो तर चिंगी सुधारेल.

मॉडेल घ्यायचं, त्याचे १२८-१२८ त्रिकोणांचे गठ्ठे करायचे. शेजारचे काही गठ्ठे एकत्र करून त्यांचा जरा ढोबळ गठ्ठा, मग त्या ढोबळांचा आणखी ढोबळ, अशी शिडी बनवून ठेवायची. खेळताना कॅमेरा कुठे आहे ते बघून ठरवायचं की या कोपऱ्यासाठी शिडीची कुठली पायरी घेतली तर होणारी चूक एका पिक्सेलपेक्षाही लहान राहील. म्हणजे एकाच मूर्तीचं जवळ आलेलं नाक बारीक पायरीचं आणि लांबची पाठ ढोबळ पायरीची. जी पायरी लागत नाही ती डिस्कवरच राहते, मेमरीत येतच नाही.

१३ मे २०२० ला प्लेस्टेशन ५ वर त्यांनी जो डेमो दाखवला त्यात एका फ्रेममध्ये मूळ त्रिकोण १०० कोटींच्या वर होते आणि प्रत्यक्षात काढले साधारण २ कोटी. आणि त्याला वेळ लागला सरासरी साडेचार मिलिसेकंद. ३० एफपीएसला (सेकंदाला ३० फ्रेम) तुमच्याकडे एका फ्रेमला ३३ मिलिसेकंद असतात, ६० ला साडेसोळाच्या आसपास. म्हणजे निव्वळ आकार काढणं हे आता महाग राहिलेलंच नाही. २०११ ची पैज तू तांत्रिक बाजूने जवळजवळ जिंकलास, फक्त अणूंऐवजी त्रिकोणांनी आणि चार वर्षं उशिरा.

यात एक गंमत आहे. ग्राफिक्स कार्ड पिक्सेलचं काम २ बाय २ च्या चौकोनात करतं. त्रिकोण एका पिक्सेलएवढा झाला की चारातल्या तिघांचं काम फुकट जातं. त्यामुळे बारक्या त्रिकोणांसाठी नॅनाइट कार्डातलं ते खास बनवलेलं यंत्र बाजूला ठेवतं आणि सॉफ्टवेअरने स्वतःच त्रिकोण काढतं, आणि ते जास्त वेगाने होतं!

---

खडूस मांजर
रविवार, दुपारी १:१५

वा वा. साडेचार मिलिसेकंद. मग माझ्या मशीनवर हेच अनरियल ५ वाले गेम का रडतात ते पण सांगा. २०२३ चा इमॉर्टल्स ऑफ अ‍ॅव्हियम बघा, किमान लागणारं कार्ड म्हणून आरटीएक्स २०८० सुपर (एकेकाळचं वरच्या रांगेतलं) लिहिलेलं. किमान! चालला का तो गेम? आपटला. सरळ आहे, कार्ड विकायचा धंदा आहे सगळा. दरवर्षी नवीन दगड दाखवायचा आणि जुनं कार्ड भंगारात.

---

चिंगी
रविवार, दुपारी ३:२०

आले आले, नाव घेतलंत म्हणून. पुण्यात गेम आर्टमध्ये अकरा वर्षं झाली, आउटसोर्सचं काम जास्त, त्यामुळे दगड हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. अक्षरशः दगड, दोन वर्षं मी दगड, भिंती आणि पिंपं एवढंच केलंय.

जुनी पद्धत अशी की झीब्रश नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी मूर्ती घडवायची, सुरकुत्या, टवके सगळं, एक-दोन कोटी त्रिकोण होतात. मग तीच मूर्ती परत हलकी करायची, पाचदहा हजारांत बसवायची, आणि तपशील नॉर्मल मॅपच्या चित्रात भाजून त्या हलक्या अंगावर चढवायचा. उजेड पडला की खोबण्या असल्यासारख्या वाटतात, हात लावला तर सपाट. २००४ च्या डूम ३ पासून सगळे हेच करताहेत. वर लांबून दिसायला आणखी तीनचार हलक्या आवृत्त्या. हे हलकं करायचं काम इतकं कंटाळवाणं असतं की काय सांगू, आणि ते बऱ्याचदा आमच्याकडे यायचं.

नॅनाइटने ते बऱ्यापैकी वाचवलं, हे खरं, त्याबद्दल हात जोडते. पण मूर्ती घडवायचे दिवस कमी झाले का? नाही, वाढले. पूर्वी पायथ्याशी कुणी बघणार नाही म्हणून सोडून द्यायचो, आता लीड म्हणतो कॅमेरा तिथे जाऊ शकतो. कोपऱ्यातला सारखी माणसं जातात पण!

आणि डेमोतले दगड कुणी हाताने केलेले नव्हते हो, ते बहुतेक क्विक्सेलच्या स्कॅन लायब्ररीतले होते. खऱ्या दगडाचे शेकडो फोटो काढून मॉडेल. ती कंपनी एपिकने २०१९ मध्येच घेतली होती. म्हणजे डोंगर-कपारी दाखवायच्या तर चैन आहे. पण ड्रॅगन कुठे स्कॅन करणार?

---

फ्रेमड्रॉप
रविवार, दुपारी ४:०२

चिंगीच्या मुद्द्याला आकडे जोडतो. त्या डेमोत एका दालनात जवळपास ५०० पुतळे उभे होते, प्रत्येक ३ कोटी ३० लाख त्रिकोणांचा, मिळून १६०० कोटी. ऐकायला भारी. पण पुतळा एकच, ५०० वेळा उभा केलेला. परत युक्लिडिऑनचीच चिठ्ठी!

एपिकने नॅनाइटची सरासरी दिली होती त्रिकोणामागे १४.४ बाइट. एक पुतळा झाला सुमारे ४७५ एमबी. ५०० पुतळे वेगवेगळे हवे म्हणालात तर २३७ जीबी. एक दालन. पहिल्या पीएस५ ची (प्लेस्टेशन ५ ची) अख्खी डिस्क ८२५ जीबी होती. त्रिकोण काढायला स्वस्त झाले, ठेवायला नाही झाले.

---

वडापावप्रो
रविवार, दुपारी ४:४०

२३७ जीबी??? माझा महिन्याचा डेटा पॅक मेला असता. कॉल ऑफ ड्यूटी मॉडर्न वॉरफेअर टाकायला मी मित्राच्या घरी डिस्क घेऊन गेलेलो, अपडेट धरून दोनशे जीबीच्या घरात गेलेला तो. घरी परत आलो तोपर्यंत नवीन अपडेट.

बाकी भाच्याच्या बाजूने एक बोलतो. बीजीएमआयमध्ये जे खरंच सिरियस खेळतात ते सगळे ग्राफिक्स 'स्मूथ' वर ठेवतात, म्हणजे अगदी खालचं, आणि फ्रेम रेट 'एक्स्ट्रीम' नाहीतर ९०. चांगला फोन असला तरी. का, तर शत्रू दिसला पाहिजे आणि बोट लावलं की गोळी सुटली पाहिजे, शेवाळं कोण बघतंय. आणि पबजीत गवताची लफडी वेगळीच. तुम्ही गवतात आडवे पडता, तुम्हाला वाटतं आपण लपलो, पण लांबच्या माणसाला गवत काढूनच दाखवत नाही त्याचा फोन, त्याला तुम्ही मैदानावर पालीसारखे दिसता. खाटकन हेडशॉट. म्हणजे डिटेल अर्धवट दिलं तर गेमच बिघडतो ना, एकतर सगळ्यांना द्या नाहीतर कुणालाच नको.

---

अण्णा_७६
रविवार, संध्याकाळी ६:१२

पालीसारखे! हसून चहा सांडला.

---

कोपऱ्यातला
रविवार, रात्री ९:५०

गवताचं हे लक्षातच आलं नव्हतं. एकदम पटलं.

त्याला जोडून, २०२३-२४ मध्ये पिवळ्या रंगावरून जे भांडण झालं ते आठवतंय का? रेसिडेंट ईव्हिल ४ चा रिमेक आणि मग फायनल फँटसी ७ रिबर्थ, शिड्या, पिंपं, चढायचे कडे, सगळ्यावर पिवळा रंग फासलेला. लोक चिडले की आम्ही काय लहान मुलं आहोत का. पण कारण काय, तर सगळाच डोंगर इतका खराखुरा झालाय की कुठल्या कपारीला हात लावता येतो आणि कुठली नुसती शोभेची हे कळेनासं झालंय. अण्णांच्या प्रिन्समध्ये जे चढण्यासारखं दिसायचं ते चढता यायचं. आधी लाखो रुपयांचा तपशील ओतायचा आणि मग त्यावर पेंटचा डबा उपडा करायचा!

पण मांजरा, 'सगळा धंदा' हे मी मान्य करणार नाही. ब्लॅक मिथ वुकाँग घे, ऑगस्ट २०२४. चीनमधली खरी देवळं, मूर्ती स्कॅन करून घातल्या, शांक्सी प्रांतातल्या तर किती. तीन दिवसांत १ कोटी प्रती गेल्या. त्यानंतर लोक ती देवळं बघायला प्रत्यक्ष गेले. तिथे तपशील म्हणजे नुसता दिखावा नाहीये, तीच तर गोष्ट आहे. मी वेरूळला कैलास लेणं तीनदा बघितलंय, तसं काही गेममध्ये आलं तर माझं पुढचं कार्ड विकलं गेलं म्हणून समज.

---

चिंगी
रविवार, रात्री १०:२२

कैलास लेणं म्हणजे नॅनाइटसाठीच कोरलेलं आहे. एकसंध दगड, काही हलत नाही, पारदर्शक काही नाही, पान नाही. अडचण येते ती लेण्याबाहेरच्या पिंपळाला. सुरुवातीला नॅनाइटला वाकणाऱ्या वस्तू चालतच नव्हत्या. मग फोर्टनाइटमध्ये डिसेंबर २०२२ ला झाडं घातली, एका झाडाला ३ लाखांच्या आसपास त्रिकोण. पण पानं हा प्रकार मुळातच वैतागाचा, कारण दगड लांबून ढोबळ करता येतो, त्याची घट्ट कातडी आहे. पानांचा ढीग ढोबळ कसा करणार? चार पानांचं एक पान केलं तर झाड टक्कल पडल्यासारखं दिसतं. आणि माणसांसारखी सांगाडा असलेली मॉडेल त्यात यायला २०२४ च्या शेवटचं अनरियल ५.५ उजाडलं, तेही प्रायोगिक म्हणून.

तर परवडतं का याचं माझं उत्तर: दगडाचं परवडतं. बाकीच्याचं विचारू नका.

---

रात्रपाळी
सोमवार, पहाटे ३:०५

वाचत होतो, राहवलं नाही. मी मालाडला सिनेमांच्या व्हीएफएक्समध्ये लायटिंग करतो, आयडीवरून वेळ कळलीच असेल.

आमच्याकडे एक फ्रेम रेंडर व्हायला तास तास जातात आणि कुणाला काही वाटत नाही, रात्री रेंडर फार्मवर (कॉम्प्युटरांच्या ताफ्यावर) टाकून घरी जायचं, सकाळी बघायचं (नॉइज म्हणजे चित्रात खरखर असते, परत टाकायचं). गेमला तेच सोळा मिलिसेकंदात हवं. त्यामुळे तुम्ही सगळे त्रिकोण मोजत बसलात पण खरा खर्च उजेडाचा आहे. मातीचा दाणा बनवला, ठीक, त्या दाण्याची सावली शेजारच्या दाण्यावर पडली पाहिजे, लाल भिंतीचा लालसरपणा त्यावर आला पाहिजे, नाहीतर कितीही तपशील घाला, प्लास्टिकच दिसतं. २०११ च्या त्या बेटाला बघून माझ्या सरांनी एवढंच म्हटलं होतं की उजेड मेलेला आहे.

सायबरपंक २०७७ मध्ये एप्रिल २०२३ ला पाथ ट्रेसिंगचा (उजेडाच्या किरणांचा माग काढायचा) मोड आला, तो आमच्या पद्धतीच्या जवळचा. पण आम्ही पिक्सेलमागे शेकड्याने किरण सोडतो, गेममध्ये मोजून दोनचार, बाकी डीनॉइजर (ती खरखर पुसणारं सॉफ्टवेअर) सारवून घेतो. एवढं करूनही कार्ड धापा टाकतं म्हणून चित्र लहान आकारात काढून मोठं करायचं. फोर-के 'परफॉर्मन्स' मोड म्हणजे आत १०८० चंच चित्र असतं, पिक्सेल पावपटच. वर नवीन कार्डांवर एका खऱ्या फ्रेममागे तीन बनवलेल्या फ्रेम घुसवायच्या. कार्डवाली एनव्हिडिया स्वतःच २०२५ मध्ये सांगत होती की १६ पिक्सेलमधले १५ एआय बनवते. आता मला सांगा, पिक्सेलएवढा त्रिकोण कोरून ठेवला चिंगीने, आणि दाखवताना पिक्सेलच अंदाजाने भरला, तर तो टवका राहिला कुठे?

आणि हो, सध्या गॉशियन स्प्लॅटिंगची हवा आहे, फ्रान्सच्या इनरियाचा २०२३ चा पेपर. फोटो काढा आणि लाखो धुरकट ठिपक्यांचं जग मिळवा. दिसतं अप्रतिम. पण फोटोतला उजेड त्यातच गोठलेला, सूर्य हलवता येत नाही. युक्लिडिऑनचा चुलतभाऊच.

---

अण्णा_७६
सोमवार, सकाळी ७:३०

सोळातले पंधरा? म्हणजे रुपयात एक आणा खरा आणि पंधरा आणे थाप! आमच्या वेळी डेव्ह सोळा आणे खरा होता.

---

खडूस मांजर
सोमवार, सकाळी ९:१८

+१ अण्णा. आणि त्या बनवलेल्या फ्रेमांनी आकडा १२० दिसतो, पण बटण दाबल्यावरचा उशीर तोच जुन्या ३०-४० चा. आकडा बघून खूश व्हायचं.

माझा राग कशावर आहे ते नीट लिहितो, काल तिरसटपणा झाला. रेड डेड रिडेम्प्शन २ मध्ये थंडी पडली की घोड्याचे, आता इथे बायकापोरं वाचतात म्हणून अवयवाचं नाव घेत नाही, आक्रसतात. हे कुणीतरी बसून केलंय. मला गेम आवडला, दोनदा खेळलो, पण तो गेम यायच्या आधी आठवड्याला शंभर तास काम केल्याच्या बातम्या आल्या होत्या. माझ्या दृष्टीने घोड्याच्या त्या तपशिलाची किंमत ती आहे.

---

फ्रेमड्रॉप
सोमवार, सकाळी ९:५५

छोटी दुरुस्ती, ते शंभर तास सहसंस्थापकाने नंतर फक्त लेखनाच्या छोट्या टीमपुरते म्हणून सांगितले. अर्थात बाकीच्यांनीही जादा तासांबद्दल लिहिलंच, त्यामुळे तुझा मुद्दा राहतोच.

पैशाचं विचारशील तर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खटल्यात सोनीचे कागद कोर्टात आले. आकडे काळ्या मार्करने खोडलेले, पण मार्कर इतका फिका की स्कॅनमध्ये सगळं वाचता येत होतं :D लास्ट ऑफ अस भाग २ ला २२ कोटी डॉलर आणि ऐन कामात २०० च्या आसपास माणसं, होरायझन फॉरबिडन वेस्टला २१ कोटी २० लाख डॉलर आणि ३०० माणसं, पाच वर्षं. हे दोन्ही नॅनाइटच्या आधीच्या पद्धतीचे गेम आहेत. मार्कर पुसून कारमॅकचं वाक्य बाहेर आलं म्हणायचं.

---

चिंगी
सोमवार, दुपारी १:४४

जेवताना लिहितेय. मांजराशी अर्धी सहमत. पण घोड्याचं काम करणारा वैतागूनच करत असेल असं नका समजू, मला एकदा एका पितळी समईसाठी आठ दिवस मिळाले होते, आयुष्यातले सगळ्यात सुंदर आठ दिवस. राग येतो तो नंतर गेममध्ये ती समई अंधाऱ्या खोलीत ठेवली त्याचा.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर पुण्याचाच राजी घ्या, नॉडिंग हेड्सचा, २०२० मध्ये आधी निन्टेंडो स्विचवर आला. छोटी टीम, क्राउडफंडिंग फसलेलं, कोटीभर त्रिकोणांची ऐपत कुठली. त्यांनी पहाडी चित्रशैलीसारखे हाताने रंगवलेले टेक्स्चर केले, आणि कॅमेरा खेळाडूच्या हातात दिलाच नाही. ही खरी युक्ती! कॅमेरा तुमच्या ताब्यात असला की जिथे बघायचंय तिथेच जीव ओतता येतो, पायथ्याशी कोपऱ्यातला जाऊच शकत नाही. राजस्थानी महाल, तळी, काय दिसतं ते, आणि स्विचसारख्या लहानशा मशीनवर.

उलट बाजू म्हणजे त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रिन्स ऑफ पर्शिया सँड्स ऑफ टाइमच्या रिमेकचा ट्रेलर आला, पुणे-मुंबईच्या युबिसॉफ्ट स्टुडिओंकडे होता. जगभर ग्राफिक्सवरून धुतला लोकांनी. २०२२ मध्ये काम माँट्रियलला गेलं. इथल्या आर्ट लाइनमधल्या सगळ्यांना ते लागलं होतं, मी त्यात नव्हते तरी. तेव्हा 'ग्राफिक्सला कोण विचारतो' हे वडापावप्रोने जरूर म्हणावं, पण मोठ्या नावाचा गेम काढलात की पहिल्या तीस सेकंदांत लोक दगडच बघतात.

---

वडापावप्रो
सोमवार, दुपारी २:०१

ओके ताई, गप्प बसतो. समईचा फोटो टाका ना.

---

चिंगी
सोमवार, दुपारी २:०३

एनडीए आहे रे, बाहेर दाखवायचं नाही असा करार. अंधारात आहे म्हटलं ना.

---

कोपऱ्यातला
मंगळवार, रात्री १२:३७

फ्रेमड्रॉपने सांगितलेलं खरं का ते बघावं म्हणून काल अनरियल उतरवलं. एपिकचा मोठा नमुना प्रोजेक्ट, व्हॅली ऑफ द एन्शंट, तो घ्यायचा होता पण तोच शंभर जीबीच्या आसपास निघाला, बायकोने राउटरकडे बघितलं, नाद सोडला. मग रिकाम्या मैदानावर एकच स्कॅन केलेला दगड ठेवला आणि नॅनाइटचे त्रिकोण रंगीत दाखवायचा मोड लावला.

प्रत्येक त्रिकोणाला वेगळा रंग. जवळ गेलो तर दगडावर रांगोळीचे सांडलेले दाणे. मागे सरकत गेलो, दगड लहान होतोय, आणि दाणे? दाणे स्क्रीनवर तेवढेच राहताहेत! म्हणजे दगडावर त्यांची संख्या कमी होतेय, पण डोळ्याला आकार तोच. परत पुढे गेलो, परत तेवढेच. अर्धा तास मागे-पुढे केलं. अण्णांचं 'लोणचं' कुठे जातं ते डोळ्यांनी दिसलं. मग तोच दगड शंभर वेळा लावला, फ्रेम रेट फारसा हलला नाही. मग हौसेने मोठा सूर्य, धुकं, चमकणारं पाणी घातलं आणि पंखा ओरडायला लागला. रात्रपाळी, मानलं तुम्हाला.

मग एक पिंपळासारखं झाड आणून लावलं आणि वारा सुरू केला. त्याबद्दल बोलायचं नाही.

भाचा आला होता, त्याला रंगीत दगड दाखवला. दोन मिनिटं शांतपणे मागे-पुढे करून बघितलं त्याने, पहिल्यांदाच. मग म्हणाला हे भारी आहे मामा, यात याच्यामागे लपता येतं का?

कुणाला माहितीय का, अनरियलमध्ये एक साधा शत्रू उभा करायला किती शिकावं लागतं?

---

फ्रेमड्रॉप
मंगळवार, सकाळी ८:२०

शत्रू दोन तासांत उभा राहील. वेगळा धागा काढ, तिथे सांगतो. सावली पडायला नको असेल तर एका तासात.